हिरड्याचे रान आणि रानाचे धनी

घरात तान्हे मूल आले की सहाण बाहेर निघावी, आणि वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड व हिरडा यांचे वेढे मोजून देण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्या बाईकडे जावा, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ गुटीस अनुकूल नाहीत, ही गोष्ट निराळी. परंतु हिरड्याचे घरातील स्थान त्यामुळे गेलेले नाही. त्रिफळा चूर्णात बेहडा व आवळा यांच्या जोडीला तो असावयाचाच. मात्र पुण्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानी येण्यापूर्वी हा हिरडा कोणाच्या हातून गेला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. कारण एका संबंध समाजाचा योगक्षेम त्यात गुंतलेला आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व खेड या तालुक्यांचा पश्चिमेकडील भाग सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेला आहे. तेथे मुख्यत्वेकरून महादेव कोळी या आदिवासी जमातीची वस्ती आहे. भीमाशंकराच्या यात्रेस जाऊन आलेल्या वाचकांनी हा मुलूख पाहिलेला असेल. ज्योतिर्लिंगाचे दर्शन, भीमेचा उगम, आणि दैव अनुकूल असल्यास एखादे शेकरू, एवढे पाहून आपण परततो. १९८५ साली येथील सुमारे १३० चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पण यात्रेकरूस जी वनश्री वाटते, ती तेथील रहिवाशाच्या दृष्टीने घरचे कोठार असते.

या डोंगरांत पाऊस अतोनात आणि जमीन उताराची. भात, नाचणी व वरई ही पिके होतात. परंतु अनेक घरी ते धान्य वर्षभर पुरत नाही. उन्हाळ्यात कणगीचा तळ दिसू लागतो, आणि नेमक्या त्याच सुमारास हिरड्याला कोवळी फळे धरलेली असतात. ही फळे उतरवून उन्हात वाळविली की काळी पडतात, हाच बाळहिरडा. घरची धट्टीकट्टी माणसे झाडावर चढतात, बायका व मुले खाली पडलेली फळे वेचतात. कित्येक झाडे शेताच्या बांधावर असतात, कित्येक रानात. पावसाळ्यापूर्वी बी-बियाणे, मीठमिरची व मुलांच्या शाळेचा खर्च यांस लागणारा रोख पैसा यातून हाती येतो. पक्व हिरडा कातडी कमावण्यास व रंगकामास उपयोगी पडतो, तो निराळाच.

पाऊस सुरू झाला की भारंगी, चाई, फोडशी अशा रानभाज्या घरी येतात. शिवाय गावोगाव देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्बंध. पश्चिम घाटातील या देवरायांवर पुण्याच्या डॉ. वर्तकांनी डॉ. माधव गाडगीळ यांच्यासह संशोधन करून १९७६ साली निबंध प्रसिद्ध केला. भोवतालचे रान विरळ झाले तरी मूळच्या वनाचा नमुना या राखीव तुकड्यांत टिकून राहिला, ही गोष्ट त्यामुळे विद्वानांच्या नजरेस आली. ज्यांस आपण अडाणी समजत आलो, त्यांची ही व्यवस्था होती.

हा आधार तुटला म्हणजे काय होते, हे पाहावयास फार दूर जावयास नको. मावळ व मुळशी या तालुक्यांत कातकरी लोक राहतात. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा, आणि त्यावरूनच त्यांचे नाव पडले. इंग्रजी अमलात रान सरकारजमा झाले, खैर तोडणे गुन्हा ठरला, आणि कात करणारा माणूस कोळशाच्या व विटांच्या भट्टीवर उचल घेऊन राबू लागला. विड्यात कात आजही पडतो. कातकऱ्यांस मात्र सरकार विशेष दुर्बळ आदिवासी गटांत मोजते. रानाची माया दोन्ही जमातींस सारखीच होती. एकीच्या हाती झाड राहिले, दुसरीच्या हातून गेले, एवढाच काय तो भेद.

महादेव कोळ्यांचे सर्व कुशल आहे, असेही नव्हे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर व आंबेगाव भागांतील हिरड्याची झाडे मोडून पडली. शेतातील पिकाची नुकसानभरपाई मागणे एक आणि हिरड्याची मागणे दुसरे, हे त्या वेळी लोकांच्या प्रत्ययास आले. तीसाठी त्यांस दीर्घकाळ झगडावे लागले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींस दिला आहे. अभयारण्याच्या हद्दीतही हा कायदा लागू आहे. असे हक्क दिल्याने रान उजाड होईल, अशी भीती काही सुशिक्षित मंडळी बोलून दाखवितात. आम्हांस ती खरी वाटत नाही. हिरड्याची सारीच फळे कोवळेपणी उतरविली तर बी पडणार नाही व नवी रोपे उगवणार नाहीत, हे डोंगरातील माणसास कोणी शिकवावयास नको. परंतु पुढील वर्षी हे झाड आपल्याच हाती राहील अशी खात्री असेल, आणि आजच्या फळास वाजवी भाव मिळेल, तरच काही फळे फांदीवर सोडून देण्याचा धीर त्यास होईल. ती खात्री देणे हे कायद्याचे काम. आणि कायदा कागदावरून डोंगरापर्यंत पोहोचतो की नाही याची विचारपूस करीत राहणे, हे त्या रानाचे फळ घरात वापरणाऱ्या आपणां सर्वांचे काम होय.