वाऱ्याचा आडोसा

सेवानिवृत्तीनंतर आम्ही वाईचे बिऱ्हाड मोडून चिरंजीवांकडे पुण्यास आलो, तेव्हा घर भरलेले असूनही मन मात्र रिते होते. ज्या गावी ३५ वर्षे पावलोपावली नमस्कार घेतले, ते सुटल्यावर मास्तरास ओळखणार कोण? हे शहर एके काळी सायकलींचे म्हणून प्रसिद्ध होते. आम्हीही जुनी सायकल झाडूनपुसून जवळच्या सायकलस्वारांच्या मंडळात गेलो. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, या वयात?"

पहिल्याच रविवारी खडकवासल्याच्या वाटेवर समोरच्या वाऱ्याने आमचा दम मोडला. लाजेने परत फिरणार, तोच एक तरुण म्हणाला, "काका, माझ्या चाकामागून या." काय नवल! श्रम एकदम हलके झाले. सपाट रस्त्यावर वेग वाढला, की स्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यातच खर्ची पडते. पुढचा तो भार सोसतो. तो थकला, की मागचा पुढे सरतो. एकत्र कुटुंबाचा न्याय याहून निराळा तो काय?

धरण दिसू लागले, तेव्हा तो तरुण थकला. फर्लांगभरच का होईना, आम्ही पुढे झालो. वाचकहो, निवृत्तीनंतरची ती आमची पहिली नेमणूक!