४ जुलै : दिनविशेषाच्या एका ओळीपलीकडे



परिपाठात आपण रोज दिनविशेष घेतो. ४ जुलैला फळ्यावर एकच ओळ असते, 'अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन'. मुलं वाचतात आणि विसरतात. पण याच तारखेला वेगवेगळ्या वर्षी काय घडलं, ते एकाखाली एक लिहून बघा. मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतील.

१७७६ : फिलाडेल्फिया शहरात १३ वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव खरं तर २ जुलैलाच झाला होता. ४ तारखेला मंजूर झाला तो मजकूर, आणि बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला! मसुदा मुख्यतः थॉमस जेफरसन यांचा. सर्व माणसं जन्मतः समान आहेत, असं त्यात म्हटलं आहे. पण तो लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मळ्यावरच गुलाम राबत होते.

१८२६ : जाहीरनाम्याला ५० वर्षं पूर्ण झाली, त्याच दिवशी जेफरसन आणि जॉन ॲडम्स हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष वारले. हा योगायोग मुलांना फार आवडतो. पण गोष्ट इथेच थांबवू नका. जेफरसन डोक्यावर मोठं कर्ज ठेवून गेले होते. पुढच्या जानेवारीत त्यांच्या मळ्यावरच्या शंभराहून अधिक गुलामांना लिलावात उभं केलं गेलं.

१८२७ : त्याच वर्षी ४ जुलैला न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. तिथल्या अनेक कृष्णवर्णीयांनी उत्सव मात्र ५ जुलैला केला. का बरं? वर्गात नक्की विचारा.

१८६३ : उत्तर आणि दक्षिणेतल्या यादवी युद्धात मिसिसिपी नदीवरचं विक्सबर्ग हे महत्त्वाचं ठाणं जनरल ग्रँट यांच्यापुढे शरण आलं. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेला हा मोठा धक्का होता. अखेर १८६५ मध्ये १३ व्या घटनादुरुस्तीने देशभरातली गुलामगिरी रद्द झाली.

आता मुलांना वजाबाकी करू द्या : १८६५ वजा १७७६. उत्तर ८९ वर्षं. समानता कागदावर आल्यापासून माणसांच्या पायातली बेडी तुटेपर्यंत एवढा काळ गेला. तोही आपोआप नाही, लोक झगडले म्हणून.

याचा आपल्याशी काय संबंध? जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केलं. इतक्या दूरच्या लढ्यात त्यांना आपल्या इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख दिसलं होतं.

यंदा ४ जुलैच्या परिपाठात एवढा एकच प्रश्न ठेवून बघा : १७७६ मध्ये तो जाहीरनामा मोठ्याने वाचला जात असताना, गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या गुलाम मुलाच्या मनात काय आलं असेल? उत्तर मुलांना लिहू द्या. आपण फक्त ऐकायचं.