शाळेचे वर्ष आणि उसाचा हंगाम

बीड जिल्ह्यात तेलगावजवळ साखर कारखाना आहे. तरीही या जिल्ह्यातील लाखो मजूर दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. शाळा जूनमध्ये भरते. दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेल्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलाचे नाव पटावर राहते. मूल मात्र आई-वडिलांसोबत जाऊन उसाच्या फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत असते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येकाला शाळेचा हक्क दिला, पण शाळेचे वेळापत्रक एका जागी राहणाऱ्या घरालाच सोयीचे राहिले. बुडालेले वाचन-गणित सहसा भरून निघत नाही. दहावी हुकली की हाती कोयताच येतो. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे हा सर्वांत नेमका उपाय. मात्र ती टोळ्या निघण्याआधीच सुरू व्हायला हवीत.