मनाची मशागत

शेताला जशी मशागत हवी, तशी ती मनालाही हवी. परंपरा सांगते की, समर्थ रामदास तुमच्याएवढेच, १२ वर्षांचे असताना नाशिकजवळ टाकळी येथे आले. पहाटे नदीत स्नान, सूर्यनमस्कार, जप आणि ग्रंथांचा अभ्यास हा नित्यक्रम त्यांनी तेथे १२ वर्षे पाळला. पुढे त्यांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. त्यांत ते मनाला सज्जन म्हणून हाक मारतात.

आपणही मनाशी असेच ममतेने वागावे. व्यायामाने शांत झोप लागते व पुरेशा झोपेने चित्त प्रसन्न राहते. म्हणून वेळेवर निजावे, मोकळ्या हवेत खेळावे, रोज थोडे वाचावे. तरीही उदासपणा हटला नाही, तर तो मनात कोंडून न ठेवता आईवडिलांना अथवा गुरुजनांना सांगावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. तण वेळीच काढले, तरच पीक जोमदार येते.