जर्मनीहून आणायचं तर काय आणायचं?

आजचा विषय तसा हलका वाटेल, पण ज्याच्या हातात पंधरा दिवसांचा डेली अलाउन्स आणि तेवीस किलोंची बॅग आहे त्याला विचारा! चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, दोघांचेही प्लांट २००९ सालचे. त्यांच्या आगेमागे भोसरी-तळवडेपर्यंत पसरलेले व्हेंडर. त्यामुळे आपल्याकडे घरटी नाही, पण सोसायटीत एक तरी माणूस ट्रेनिंगला नाहीतर मशीनच्या ट्रायलला जर्मनीला जाऊन आलेला सापडतोच. आणि तो आणतो काय? चॉकलेट, फ्रिजवरचं मॅग्नेट, विमानतळावरचं परफ्युम.

याला कारण आहे. सोमवार ते शुक्रवार प्लांट. शनिवारी झोप, कपडे, घरी व्हिडिओ कॉल. रविवारी उत्साहाने बाहेर पडावं तर सगळं बंद! जर्मनीत रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदाच आहे, स्टेशन-विमानतळासारख्या जागा तेवढ्या सुटतात. म्हणून पहिली गोष्ट ही: खरेदीचा दिवस शनिवार. तो कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा.

दुसरं म्हणजे, वस्तू पारखायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. इनकमिंग इन्स्पेक्शनला आपण दिवसभर तेच करतो. मटेरियल कोणतं, कुठे बनलं, कुणी बनवलं, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? हेच चार प्रश्न दुकानात विचारायचे. नुसत्या ‘मेड इन जर्मनी’वर भाळू नका. गंमत अशी की हा शिक्का जर्मनांनी हौसेने सुरू केलेला नाही. १८८७ मध्ये ब्रिटिशांनी कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव टाकायला लावलं, आपल्या गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून. पुढे तोच शिक्का मानाचा झाला.

आता कुकू क्लॉक. ती लाकडी घरातून पक्षी बाहेर येणारी घड्याळं हो. श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, हे त्यांचं गाव. श्टुटगार्टच्या बाजूला पोस्टिंग असेल तर ट्रीबर्गला रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येतं, आणि जवळच फुर्टवांगेनला घड्याळांचं मोठं संग्रहालय आहे. जमलं तर आधी ते बघा. तासाभरात नजर तयार होते. छपराच्या घरासारखा जो आकार आपण ओळखतो तो १८५० च्या सुमाराचा, फुर्टवांगेनच्या घड्याळशाळेने भरवलेल्या डिझाइन स्पर्धेतून आलेला. मूळ कल्पना रेल्वेच्या चौकीदाराच्या घराची.

खरं घड्याळ यांत्रिक असतं. साखळीला पाइनच्या फळाच्या आकाराची लोखंडी वजनं, आत दोन छोटे भाते आणि दोन शिट्ट्या. कुकूचे दोन सूर त्यातून निघतात. बॅटरीवालं घड्याळही तिथेच, शेजारच्याच फळीवर, निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. वाजतंही छान, पण तो आवाज चिपचा. यांत्रिक घड्याळासोबत ‘व्हीडीएस’चं प्रमाणपत्र मागा. ही तिथल्या घड्याळवाल्यांची संस्था. घड्याळ यांत्रिक आहे आणि त्याचे मुख्य भाग ब्लॅक फॉरेस्टमध्येच बनलेत, याची ती खात्री देते. मग एक दिवसाचं घ्यायचं की आठ दिवसांचं? एक दिवसाच्या घड्याळाची साखळी रोज ओढावी लागते, पण ते स्वस्त आणि हलकं. घरात आजोबा असतील तर रोजची साखळी त्यांच्याकडे द्या, ते विसरत नाहीत. पॅक करताना वजनं काढून वेगळी गुंडाळायची, भाते आणि साखळ्या दुकानदार बांधून देतो. त्या बांधण्या कुठल्या क्रमाने सोडायच्या याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा.

एवढा खर्च नको असेल तर झोलिंगनची सुरी घ्या. झोलिंगन हे नाव कायद्याने राखलेलं आहे, १९३८ पासून. पात्यावर ते नाव टाकायचं तर बनवण्याचे मुख्य टप्पे त्याच परिसरात व्हावे लागतात. फक्त कंपनीचं नाव बघू नका, स्वस्त मालिका दुसऱ्या देशातून बनवून आलेल्या असू शकतात. पात्यावर ‘झोलिंगन’ लिहिलंय का ते बघा. टूलरूमवाल्यांसाठी सांगतो, जर्मन सुरीचं पातं साधारण ५६ ते ५८ रॉकवेलचं. जपानीपेक्षा मऊ, म्हणून टवका न उडता वाकतं आणि घरी धार लावता येते. फक्त दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर ठिणग्या पाडू नका, पातं तापून पाणी उतरतं. विळीवर वाढलेल्या घरात सुरी रुळायला महिना लागतो, तोही द्या. आणि सुरी चेक-इन बॅगेतच, हे सांगायला नको.

लहान मुलांसाठी सॅक्सनीतल्या झाइफेनची लाकडी खेळणी सुंदर असतात, पण ती नाताळच्या बाजारात बघावीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांचं नशीब.

बिलाचं बघा. पन्नास युरोंच्या वर खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्री फॉर्म मागा. व्हॅट १९ टक्के, पण तो किमतीत धरलेला असतो. म्हणजे २०० युरोंच्या वस्तूत कर साधारण ३२ युरो, आणि मधल्या एजन्सीचं कमिशन वजा जाऊन हातात त्याहून कमी. युरोपातून शेवटच्या विमानतळावर, बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टम्सला वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा. मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त राहण्याचा परवाना असलेल्यांना ही सवलत नाही. आपल्याकडची ड्यूटी-फ्री मर्यादा निघण्याआधी कस्टम्सच्या साइटवर तपासा.

आता उलट बाजू. तिकडच्या सहकाऱ्याला आपण काय नेतो? सोनपापडी! झोलिंगनच्या कायद्यासारखाच आपला जीआय टॅग आहे, आणि कोल्हापुरी चपलेला तो २०१९ मध्ये मिळालाय. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? त्यामुळे आता तिकडेही कुणाला फार समजावावं लागणार नाही. घेताना वास घ्या, वाकवून बघा. वनस्पतीच्या सालीने कमावलेलं खरं कातडं, खिळा नाही, शिवण चामड्याच्या वादीची. रेक्झिनची पुण्यातही ढिगाने मिळते. सहकाऱ्याकडून बुटाचा नंबर मागू नका, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. आणि देताना एवढं सांगा की पहिले आठ दिवस ही चपल करकरते आणि चावते, म्हणून थोडं तेल लावून घरातच वापरा.