घरचा संगणक वारंवार कां बंद पडतो?

रात्रीचे नऊ वाजले आहेत. घरांतील मुलगी परीक्षेचा अर्ज भरीत आहे आणि अर्जाची मुदत बारा वाजतां संपावयाची आहे. इतक्यांत पडद्यावर निळा रंग पसरतो, दोनचार इंग्रजी शब्द क्षणभर चमकतात, आणि संगणक आपला आपण पुन्हां सुरू होऊं लागतो. भरलेलें सारें गेलेलें असतें. असें एकदां झालें म्हणजे मनुष्य नशिबाला बोल लावतो, दुसऱ्यांदां झालें म्हणजे विजेला. आणि तिसऱ्यांदां झालें म्हणजे यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानीं नेतो. तेथें तें दिवसभर निमूटपणें चालतें! कारागीर विंडोज नव्यानें घालून देतो, ठरलेले पैसे घेतो, आणि आठवडा होतो न होतो तोंच घरीं पुन्हां तोच निळा पडदा.

यांत कारागिराचा दोष असतोच असें नाहीं. दुकानांतील वीज निराळी, हवा निराळी, आणि तेथें त्या यंत्राला घरच्यासारखें कामही कोणी देत नाहीं. दोष केव्हां प्रकट होतो तें घरच्या माणसांनींच पाहिलेलें असतें. परंतु तें नीट पाहिलेलें आणि लिहिलेलें मात्र क्वचितच असतें.

हा पडदा म्हणजे यंत्राला झालेला अपघात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ती एक योजना आहे. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली, तिच्या गाभ्याला आपल्या हिशेबांत न जुळणारी एखादी गोष्ट आढळली, म्हणजे मेमरींत ज्या जागीं एक मजकूर असावा तेथें दुसराच सांपडला किंवा एखाद्या ड्रायव्हरनें नको त्या ठिकाणीं हात घातला, कीं पुढें चालून डिस्कवर भलतेंच लिहून ठेवण्यापेक्षां तो गाभा सर्व काम तेथल्या तेथें थांबवितो. १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून ही व्यवस्था चालत आली आहे. २०१२ सालीं त्या पडद्यावर खिन्न चेहऱ्याचें चिन्ह आलें. २०२५ सालीं नव्या विंडोजमध्यें निळ्याचा रंग काळा झाला. हेतु तोच राहिला.

यावरून जी गोष्ट निघते ती फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. बंद पडणारें यंत्र निदान प्रामाणिक असतें. खरें भय आहे तें, दोष असूनही जें चालत राहतें त्या यंत्राचें. लग्नाच्या छायाचित्रांची नक्कल चालू असतां सदोष मेमरींत एखादा बिट उलटला, तर तें चित्र डिस्कवर बिघडलेल्या रूपानेंच उमटतें, आणि वर्षभरानें कोणी तें उघडलें म्हणजे अर्ध्याखालीं नुसता करडा पट्टा दिसतो. तोंपर्यंत मूळ चित्र पुसून टाकलेलें असतें. म्हणून वारंवार बंद पडणाऱ्या संगणकाच्या बाबतींत पहिलें काम दुरुस्तीचें नव्हे. घरचीं कागदपत्रें व चित्रें बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीं, तीं दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पहावीं, आणि पूर्वीची एखादी प्रत असेल तर तिच्यावर ही नवी प्रत चढवूं नये. दोन्ही प्रती ठेवाव्या. डिस्क तपासून दुरुस्त करणारी जी आज्ञा विंडोजमध्यें आहे तीही हें झाल्यावांचून देऊं नये. मोडकळीस आलेल्या डिस्कला आरंभापासून अंतापर्यंत वाचावयास लावणें म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढावयास सांगणें होय.

ह्यानंतर यंत्र काय सांगतें तें वाचावें. तें वाचतां येत नाहीं याचें कारण असें कीं, पडदा दिसतांच संगणकानें स्वतःच पुन्हां सुरू व्हावें अशी मूळची योजना असते. सिस्टिमच्या प्रगत गुणधर्मांत, सुरुवात व पुनःस्थापनेच्या पानावर, ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ या शब्दांपुढील खूण काढून टाकली म्हणजे पडदा तेथेंच थांबतो, आणि त्यावरील शब्द उतरून घेतां येतात किंवा फोननें त्यांचें छायाचित्र काढतां येतें. शिवाय विंडोजमध्यें ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नांवाची रोजनिशी असते. ज्या दिवशीं बिघाड झाला त्या दिवशीं तींत तांबडी फुली पडते, आणि त्याच दिवसाखालीं कोणता प्रोग्राम किंवा ड्रायव्हर नव्यानें घातला गेला हेंही दिसतें. ही रोजनिशी घरोघरीं असते. ती उघडणारा मनुष्य मात्र विरळा.

दुसऱ्या एका नोंदीनें पुष्कळांची दिशाभूल केली आहे. ‘कर्नल-पॉवर’ या नांवाची, ४१ क्रमांकाची नोंद पाहिली कीं लोक वीजपुरवठ्याची पेटी बदलावयास धांवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच कीं संगणक रीतसर बंद न होतां पुन्हां सुरू झाला. कां, तें ती सांगत नाहीं. वीज गेली, कोणी कळ दाबून धरली, किंवा गाभा थिजला, या तिन्ही प्रसंगीं तीच नोंद पडते.

आतां, बंद पडतो म्हणजे कसा पडतो? येथें भेद करावयास हवा. पडद्यावर कांहीं न येतां, दिवा विझावा तसा संगणक एकाएकीं विझत असेल, तर संशय उष्णतेवर किंवा विजेवर घ्यावा. शब्दांचा पडदा येत असेल तर मेमरी, डिस्क व ड्रायव्हर यांजवर. हा नियम अचूक नव्हे, पण आरंभाला पुरेसा आहे.

उष्णतेचें प्रकरण आपल्याकडे विशेष आहे. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०५ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास आपली गति स्वतःच कमी करतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र बंद करतात. म्हणून उष्णतेनें बंद पडणारा संगणक आधीं मंद होतो, पंखा ओरडूं लागतो, आणि मग विझतो. सकाळीं चालतो, दुपारीं रुसतो. विदर्भांत मे महिन्याच्या दुपारीं खोलीची हवाच ४५ अंशांजवळ असते. तेव्हां पंख्यानें थंड करावयाचें तें कशानें? त्यांतून संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यांत असेल आणि आंत वर्षांची धूळ सांठून तिची लोकरीसारखी गादी झाली असेल, तर निराळें कारण शोधण्याची गरजच उरत नाहीं. धूळ काढतांना दोरी भिंतींतून काढून ठेवावी, मऊ कुंचला वापरावा, आणि वारा मारावयाचा असेल तर पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. तीं भरभर फिरलीं तर पंखा बिघडूं शकतो. यंत्र पांचसात वर्षांचें असेल तर प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील लेप वाळलेला असण्याचा संभव आहे. तो बदलणें अल्प खर्चाचें काम आहे, पण सराईत हाताचें.

मेमरीचा दोष याहून लबाड. त्याचा पडदा दर खेपेस निराळा असतो: आज एका ड्रायव्हरचें नांव, उद्यां दुसऱ्याचें, परवां डिस्कचें. बिघडलेली जागा ज्याच्या वांट्याला येते तो पडतो. त्याचा अपराध कांहीं नसतो. नांवें बदलत राहणें हीच मेमरीवर संशय घेण्याची खूण. असे दोष दुर्मिळ समजूं नयेत. गूगलच्या संगणकांवरून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, वर्षभरांत शेंकडा आठांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. आणि तीं यंत्रें चुका ओळखून सुधारणाऱ्या मेमरीचीं होतीं, जी सोय घरच्या संगणकांत सहसा नसते. तपासणीसाठीं ‘मेमटेस्ट’ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून, त्यावरूनच संगणक सुरू करून, रात्रभर चालूं द्यावा. येथें शंभरांपैकीं नव्याण्णव गुण म्हणजे उत्तीर्ण नव्हे. एक चूक आली तरी तपासणींत मेमरी नापास झाली. मग पट्ट्या काढून एकेक निरनिराळी तपासावी. कित्येकदां पट्टी काढून पुन्हां घट्ट बसविण्यानेंच दोष जातो, विशेषतः कोंकणपट्टीच्या दमट हवेंत, जेथें धातूच्या टोकांवर मळ चढावयास उशीर लागत नाहीं. खेळांच्या हौसेनें मेमरी नेहमींपेक्षां अधिक वेगानें चालविलेली असेल तर ती आधीं मूळ वेगावर आणावी. घरांतील थोरला मुलगा हें सहसा आपण होऊन सांगत नाहीं.

विजेविषयीं थोडक्यांत. पेटी जुनी असेल आणि जड खेळ सुरू होतांच यंत्र विझत असेल तर ती बदलून पहावी. उघडूं मात्र नये, कारण दोरी काढल्यावरही आंतील कपॅसिटरमध्यें धोकादायक विद्युत् सांठलेली असते. मुख्य पाटीवरील कपॅसिटरचें डोकें फुगलें आहे काय तें नुसतें पाहूनही कळतें. २००० सालानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सदोष रसायनाच्या कपॅसिटरांमुळें जगभर असंख्य पाट्या निकामी झाल्या होत्या. तिसऱ्या पिनेला जमिनीशीं खरोखर जोडलें आहे कीं नाहीं हें तारवाल्याकडून एकदां तपासून घ्यावें.

यंत्र निर्दोष ठरलें तर उरतात ते प्रोग्राम. ‘सेफ मोड’मध्यें विंडोज अगदीं मोजक्या ड्रायव्हरांसह सुरू होते. त्या स्थितींत दिवसभर कांहीं झालें नाहीं तर शेवटीं आलेला ड्रायव्हर मागें घ्यावा. तो बहुधा चित्रपटलाचा असतो. याहून निर्णायक कसोटी म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तींत तासन्‌तास काम करणें. तेथेंही संगणक पडला तर विंडोजवर ठेवलेला आरोप काढून घ्यावा लागतो.

तरीही पडद्यावरील शब्दांवर पूर्ण भिस्त ठेवूं नये. इंटेलचे तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं मोठे प्रोसेसर घेतलेल्या लोकांना खेळ सुरू करतांच ‘चित्रपटलाची मेमरी अपुरी आहे’ असा निरोप येई. कित्येकांनीं महाग ग्राफिक्स कार्डें बदललीं. दोष तसाच राहिला. प्रोसेसर गरजेहून अधिक व्होल्टेज मागून घेऊन स्वतःलाच झिजवीत होता, हें २०२४ सालीं उघड झालें. इंटेलनें त्या वर्षीं सुधारणा काढली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली; पण जे प्रोसेसर आधींच झिजले होते त्यांना ती सुधारणा बरें करूं शकली नाहीं. ते बदलूनच घ्यावे लागले.

एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि त्यानंतर यंत्राला पूर्वीच्या दोन बिघाडांमध्यें जेवढें अंतर असे त्याच्या दुपटीनें तरी चालूं द्यावें. मेमरी, पेटी व विंडोज हीं तिन्ही एकाच रविवारीं बदललीं, तर संगणक सुधारला तरी कशानें सुधारला तें कळत नाहीं, आणि न सुधारला तर पैसे मात्र तिन्हींचे गेलेले असतात. शेवटीं दुकानीं जाणें भागच पडलें तर यंत्राबरोबर एक कागद न्यावा. त्यावर बिघाडाची तारीख व वेळ, त्या वेळीं चाललेलें काम, पडद्यावरील शब्द, आणि आतांपर्यंत काय करून पाहिलें तें, एवढें असावें. डिस्क पुसण्यापूर्वीं विचारावें, हें वाक्य त्याच कागदावर, सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहावें.