दवाखान्यातला संसर्ग थांबवायचा कोणी? काही समजुती आणि वस्तुस्थिती

दवाखान्यात माणूस बरा व्हायला जातो. तिथून तो नवाच आजार घेऊन परतला तर त्याला आपण नशीब म्हणतो. पण यात नशिबाचा वाटा फार थोडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १५ जणांना तिथेच किमान एक नवा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत हा आकडा ७ आहे. हातांची स्वच्छता आणि इतर कमी खर्चाचे उपाय नीट पाळले, तर यातले सुमारे ७० टक्के संसर्ग टळू शकतात, असं हाच अहवाल सांगतो.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात या प्रश्नाला धार येते. ग्रामीण रुग्णालय, दिघंची-खरसुंडीसारख्या गावांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं, खासगी दवाखाने आणि लॅब यांच्यावर सगळ्या वाड्या-वस्त्यांचा भार असतो. मोठ्या उपचारासाठी मिरज-सांगलीची वाट धरावी लागते. त्यात हा माणदेश, पाण्याचा दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तरी दवाखान्यातला नळ बारमाही वाहतो, असं गृहीत धरून चालत नाही. इथे रोज कानावर येणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: जंतूंचा बंदोबस्त हे सिस्टर आणि मावशींचं काम.

वस्तुस्थिती: कायद्याने पहिली जबाबदारी संस्था चालवणाऱ्यावर टाकली आहे. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार, ज्याच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनाखाली दवाखाना आहे त्याने कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं आहे. हातमोजे, मास्क, बूट अशी साधनं पुरवायची आहेत. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे. रुजू होताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करायची आहे. खाटा किती, यावर हे अवलंबून नाही. तीसपेक्षा कमी खाटांच्या संस्थेला समितीऐवजी या कामावर देखरेख करणारी एक पात्र व्यक्ती तरी नेमावीच लागते. म्हणून ‘इथे हे कोण बघतं?’ या प्रश्नाला प्रत्येक दवाखान्यात एका माणसाचं नाव उत्तर म्हणून मिळालं पाहिजे. मावशींनी कचरा चुकीच्या पिशवीत टाकला, तर त्यांना बोलण्याआधी त्यांना कोणी आणि कधी शिकवलं, हे विचारायला हवं.

गैरसमज २: हातमोजे घातले की हात धुवायची गरज नाही, आणि पाणीच नसेल तर इलाज नाही.

वस्तुस्थिती: मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात आणि मोजे काढताना हात माखू शकतात. एकाच मोज्यांनी चार रुग्ण तपासले, तर मोजा घालणारा कदाचित सुरक्षित राहील, रुग्ण राहणार नाहीत. मोजे घालण्याआधी हात स्वच्छ हवेत आणि काढल्यावर पुन्हा स्वच्छ करायला हवेत.

हे शहाणपण नवं नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा जंतूंचा सिद्धान्तही मान्य झालेला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. हात दिसायला स्वच्छ असतील, तर अल्कोहोलयुक्त हँडरब २० ते ३० सेकंद चोळला की पुरतं. त्याला पाणी लागतच नाही. आटपाडीसारख्या ठिकाणी प्रत्येक खाटेजवळ हँडरबची बाटली असणं म्हणूनच फार मोलाचं. हात मातीने, रक्ताने किंवा विष्ठेने माखले असतील तर मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही आणि तिथे ४० ते ६० सेकंद द्यावे लागतात. तेवढं पाणी राखून ठेवणं, टाकी भरलेली आहे का हे पाहणं, हे व्यवस्थापनाचं काम आहे.

गैरसमज ३: फिनाईलचा वास आला म्हणजे वॉर्ड स्वच्छ.

वस्तुस्थिती: वासावरून जंतू मेले की नाही, हे कळत नाही. आधी घाण पुसून काढावी लागते, कारण रक्त आणि माती यांच्या थराखाली औषध पोचत नाही. रक्त सांडलं तर मोजे घालून ते शोषून घेणाऱ्या कापडाने किंवा कागदाने झाकायचं, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइटचं द्रावण ओतायचं, निदान दहा मिनिटं थांबायचं आणि मग पुसायचं. ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर वापरत असाल तर लिटरमागे सुमारे ३३ ग्रॅम लागते. हे द्रावण रोज ताजं करायला हवं. कालच्या बादलीतल्या पाण्याला वास राहतो, ताकद राहत नाही. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुसरी गोष्ट झाडूची. माणदेशात धूळ दारातून आत येतेच. वॉर्डात कोरडा झाडू मारला की ती धूळ जंतूंसकट हवेत उडून जखमांवर बसते. तिथे ओल्या फडक्याने पुसणंच योग्य. सुरुवात स्वच्छ भागापासून करायची आणि शेवट संडासाशी. संडासाचा पोछा प्रसूतिकक्षात जाता कामा नये.

गैरसमज ४: हत्यारं उकळली की निर्जंतुक झाली.

वस्तुस्थिती: उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण काही जीवाणूंचे बीजाणू टिकून राहतात. धनुर्वाताचा जंतू त्यातलाच. कापणं, टाके घालणं, प्रसूती अशा कामांची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्येच घालावी लागतात: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, कापडात गुंडाळलेल्या हत्यारांना साधारण ३० मिनिटं. त्याआधी ती घासून स्वच्छ करायची. पुडक्यावरची दर्शक (इंडिकेटर) पट्टी काळी झाली म्हणजे वाफ आणि उष्णता लागली, एवढंच कळतं. आतले बीजाणू मेले का, हे पाहायला ठरावीक काळाने जैविक चाचणी करावी लागते. पुडक्यावर तारीख लिहायची आणि ओलं किंवा फाटलेलं पुडकं वापरायचं नाही, हा नियम लहानशा उपकेंद्रातही पाळता येतो.

गैरसमज ५: सुई टोचली तर बोट पिळून रक्त काढायचं आणि गप्प राहायचं.

वस्तुस्थिती: बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नये. साबण-पाण्याने धुवावं आणि लगेच वरिष्ठांना सांगावं. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची ३ टक्क्यांपर्यंत असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. ती २८ दिवस घ्यायची असतात. एखाद्या उपकेंद्रात रात्री सुई टोचली, तर ही औषधं जवळ कुठे मिळतील आणि तिथे कोणाला फोन करायचा, हे भिंतीवर लिहिलेलं असायला हवं. गाडीची सोयही आधी ठरलेली हवी.

बहुतेक सिस्टर आणि मावशी गप्प राहतात त्या ओरडा खाण्याच्या भीतीने. ती भीती काढून टाकणं ही प्रमुखाची जबाबदारी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये, ती तिथेच हब कटरने कापून न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी, हे शिकवणंही प्रमुखाचंच काम. मावशींना सुई टोचते ती बहुतेकदा दुसऱ्याने पिशवीत टाकलेली असते.

गैरसमज ६: खोकणाऱ्या रुग्णासमोर रुमाल किंवा साधा मास्क पुरतो.

वस्तुस्थिती: क्षयाचे जंतू अतिसूक्ष्म कणांवरून तासन्‌तास हवेत तरंगतात. साधा मास्क खोकणाऱ्या रुग्णाने लावला तर उपयोगी, कारण तो बाहेर पडणारे थेंब अडवतो. शेजारी काम करणाऱ्याला मात्र चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं. खिडक्या लावून एसी चालवला तर तीच हवा खोलीत फिरत राहते. बाजाराच्या दिवशी ओपीडी भरली की खोकणाऱ्यांना रांगेतून आधी वेगळं काढून व्हरांड्यात बसवावं आणि त्यांना लवकर तपासून मोकळं करावं. थुंकीचा नमुनाही मोकळ्या हवेत घ्यावा, बंद खोलीत किंवा संडासात नव्हे.

गैरसमज ७: कचरा पिशवीत गेला की आपलं काम संपलं.

वस्तुस्थिती: रक्ताने माखलेला कापूस, बँडेज, वार पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, मोजे लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. हा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त काळ ठेवायचा नाही आणि मागच्या अंगणात जाळायचा तर मुळीच नाही. प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात. दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो. पण त्यात एक माखलेली पट्टी पडली की सगळाच घातक धरावा लागतो.

दुर्लक्ष केल्यावर काय होतं, हे २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासाने दाखवलं. तिथे हिपॅटायटिस बीच्या साथीत अनेकांचा जीव गेला आणि तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं समोर आलं.

गैरसमज ८: इंजेक्शन किंवा सलाईनशिवाय गुण येत नाही.

वस्तुस्थिती: ही समजूत रुग्णांची, आणि तिची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. तोंडाने गोळी घेता येत असेल तिथे टोचलेली प्रत्येक सुई जंतूंना शरीरात शिरायची एक वाट करून देते. अशक्तपणाला ‘एक सलाईन लावा’ म्हणणं थांबवलं पाहिजे, आणि अशी मागणी आली तर दोन मिनिटं काढून समजावणं डॉक्टरांनीही सोडू नये. इंजेक्शन खरंच लागणार असेल तर नवी सिरिंज समोर फोडायला सांगणं हा रुग्णाचा हक्क आहे.

गैरसमज ९: हे नियम मोठ्या हॉस्पिटलांचे, जनावरांचा दवाखाना, शिबिर आणि घर यांना लागू नाहीत.

वस्तुस्थिती: २०१६ च्या नियमांत जनावरांचे दवाखाने, आयुर्वेद-होमिओपॅथीची रुग्णालयं, लॅब, रक्तदान आणि लसीकरण शिबिरं, शाळेतली प्रथमोपचार खोली या सगळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. खिलार जनावरांच्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या या तालुक्यात हे महत्त्वाचं. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढताना ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो.

घरी रुग्णाची सेवा करणाऱ्यांवर कचऱ्याचे हे नियम थेट बंधनकारक नाहीत, पण जंतू तेच असतात. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात आणि घंटागाडीवर वेगळ्या, सांगून द्याव्यात.

गैरसमज १०: इतकी वर्षं काम केलं, काही झालं नाही, आता काय होणार?

वस्तुस्थिती: हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो आणि शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवता यकृत पोखरतो. ‘काही झालं नाही’ हे तपासणी केल्याशिवाय म्हणता येत नाही. लसीचे तीन डोस आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी घ्यायचे. नंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झालं का, ते पाहायचं. कंत्राटी सफाई कामगार लसीकरणाच्या यादीतून सर्वांत आधी गळतात, आणि धोका तर त्यांनाही मोठा असतो.

सेवेच्या पुण्याईने संसर्ग टळत नाही. नायगावच्या, म्हणजे शेजारच्याच सातारा जिल्ह्याच्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या साथीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. तेव्हा मोजे नव्हते, एन-९५ नव्हते, त्या आजाराला प्रतिजैविकंही नव्हती. आज ही साधनं आहेत. ती असताना एखाद्या मावशीला केवळ मोजे मिळाले नाहीत म्हणून कावीळ झाली, तर त्याला त्यागाचं नाव देऊन मोकळं होता येणार नाही. ती हलगर्जी आहे.

म्हणून प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीने पुढच्या बैठकीत चार गोष्टी विचाराव्यात: हँडरब आणि साबण-पाणी संपलं तर कोण आणतं? सगळ्यांची, कंत्राटी कामगारांचीसुद्धा, लस पूर्ण झाली का? सुई टोचल्याची नोंदवही आहे का? या वर्षीचं प्रशिक्षण झालं का? खासगी डॉक्टरांनी हेच प्रश्न स्वतःला विचारावेत. चारही उत्तरांत माणसाचं नाव आणि तारीख सांगता आली, तर त्या दवाखान्यात संसर्ग रोखण्याचं काम खरोखर कोणीतरी करत आहे.